साक्षर होणे आणि साक्षर राहणे

संस्थेच्या स्मरणिकेत यशाची नोंद होणे उचितच आहे. शालान्त परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्ती मिळविणारे विद्यार्थी, नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी, देणगीदारांची साथ, या साऱ्याचे स्मरण ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण होय. परंतु निवासी शाळेच्या कीर्तीचा हिशेब दहावीच्या निकालापासून मांडला जात असला, तरी तिच्या कार्याचा हिशेब पहिलीच्या वर्गातच सुरू होतो. ज्या वर्गाचा निकाल वर्तमानपत्रात छापून येत नाही, ज्याच्यासाठी कोणी पारितोषिक ठेवीत नाही, त्या वर्गात मूल वाचायला शिकते किंवा शिकायचे राहून जाते; आणि पुढचे बहुतेक सारे त्यावरच अवलंबून असते.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही एकच मुद्दा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांच्या विचारार्थ मांडू इच्छितो. निवासी शाळेत दाखल झालेले प्रत्येक मूल तिसरी संपण्यापूर्वी अर्थ समजून वाचू लागले पाहिजे आणि स्वतःच्या मनातील चार वाक्ये स्वतःच्या हाताने लिहू लागले पाहिजे. ते तसे झाले नाही, तर त्याची जबाबदारी शाळेने अन्य कोणावरही टाकू नये.

शंभरांतील अठरा

प्राथमिक शिक्षण ही आपल्या समाजाची जुनी आणि कष्टाने पुढे नेलेली मागणी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्या शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांचा समावेश असावा, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, इतक्या तपशिलात त्यांनी विचार केला होता. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. निवासी शिक्षणाच्या आजच्या कार्यामागे ही परंपरा उभी आहे.

मात्र या परंपरेतील एका प्रसंगाचे स्मरण व्हावे तितके होत नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. शाळेची पायरी चढलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हे प्राथमिक शिक्षणाचे प्रयोजन असल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले.

या प्रतिपादनातील बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. किती मुलांची नावे पटावर चढली, एवढ्यावर बाबासाहेब थांबले नाहीत. शाळेतून बाहेर पडताना मुलाच्या अंगी काय उरले आणि ते किती काळ टिकले, हे त्यांनी विचारले. थोडेसे अक्षरज्ञान झाले आणि सराव तुटला, तर ते पुसले जाते. अर्धवट साक्षरता आयुष्यभर पुरत नाही.

त्या भाषणाला जवळजवळ एक शतक होत आले. आज मुले चौथीपर्यंत पोहोचतात, आठवीपर्यंतही पोहोचतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. पटनोंदणीचा प्रश्न बव्हंशी सुटला. पण ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. म्हणजे पाचवीतील निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता खालचा उतारा वाचू शकत नव्हती. पूर्वीचे वंचित मूल शाळेबाहेर होते. आजचे वंचित मूल वर्गात बाकावर बसलेले आहे. बाहेरचे मूल डोळ्यांना दिसत होते. वर्गातले दिसत नाही, हीच अडचण आहे.

न वाचता येणे कसे झाकले जाते

ते का दिसत नाही, याचा विचार करू. ज्या मुलाला वाचता येत नाही, ते काही निष्क्रिय बसलेले नसते. फळ्यावरचा मजकूर ते वहीत उतरवून घेते. रोजचे शुद्धलेखनाचे पान ते वळणदार अक्षरात पूर्ण करते. कविता तालासुरात म्हणते. वर्ग एकसुरात धडा वाचू लागला की ओठ हलविते, बोटही ओळीवरून फिरविते. पालक वही पाहतात आणि अक्षर सुंदर असल्याचे समाधान मानतात. प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरविलेली असतात, परीक्षेत तीच विचारली जातात, आणि मूल पुढच्या इयत्तेत जाते.

आपल्या शाळांत याचे एक विशेष रूप आढळते. परिपाठाच्या वेळी लहान मुलांच्या हाती वंदनेची पुस्तिका असते. त्रिशरण-पंचशील ती स्पष्ट उच्चारात म्हणतात. परंतु त्याच पानावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता शब्द?’ असे विचारले, तर अनेकांना आरंभापासून म्हणत म्हणत तिथवर यावे लागते. पाठांतराला आम्ही मुळीच कमी लेखत नाही. बुद्धवचन ग्रंथबद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खुसंघाने ते मुखोद्गत ठेवूनच जतन केले. पण पाठ असलेले म्हणणे ही स्मरणाची शक्ती आहे आणि न पाहिलेला मजकूर उलगडणे ही वाचनाची. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते, असे नाही.

वाचन तपासण्याची कसोटी अगदी साधी आहे. मुलाने पूर्वी कधीही न पाहिलेला आठ-दहा ओळींचा उतारा त्याच्या हाती द्यावा, त्याला एकट्याला वाचू द्यावे, आणि नंतर पुस्तक मिटून ‘काय झाले ते सांग’ असे म्हणावे. एका मुलामागे पाच मिनिटे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गासाठी हे काम तीन-चार दिवसांत होते. त्यासाठी ना अनुदान लागते, ना यंत्र.

लिपीची अवघड वाट

मराठी वाचायला शिकणे सोपे आहे, जसे लिहितो तसेच बोलतो, असे आपण सहज म्हणून जातो. प्रौढ माणसाला ते खरे वाटते. सहा वर्षांच्या मुलाची वाट मात्र लांबची असते. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर बाराखडीच चारशेहून अधिक अक्षरांची होते. जोडाक्षरे त्यांखेरीज. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण उच्चारली जाते नंतर. ‘धर्म’ या शब्दातील रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो, आणि ऐकू येतो ‘म’च्या आधी. एकच ‘र’ ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांत चार वेगवेगळी रूपे घेतो. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ लिहिताना सारखा, बोलताना निराळा.

अशा लिपीत आधी सारी मुळाक्षरे, मग संपूर्ण बाराखडी, मग शब्द आणि शेवटी वाक्य असा क्रम लावला, की मुलाचे वर्षभर अक्षरे घोटण्यात जाते आणि त्या वर्षात त्याला अर्थ असलेले एकही वाक्य भेटत नाही. वाचन म्हणजे काहीतरी कळणे, हा अनुभवच त्याला येत नाही. जे घरी पुस्तके पाहत मोठे झाले आहे, ते मूल हा कंटाळा सोसते, कारण पलीकडे गोष्ट आहे हे त्याला ठाऊक असते. घरातील पहिलेच शिकणारे मूल कशाच्या भरवशावर सोसणार?

पर्याय अवघड नाही. थोडी अक्षरे आणि एखादी खूण घेऊन लगेच शब्दांकडे जावे. क, म, न, ल ही चार व्यंजने, ‘आ’ हा एक स्वर आणि काना एवढ्यातून कान, नाक, मान, काम, लाल, काका, मामा, कमान हे शब्द तयार होतात. आणि ‘काल मामा आला’ हे पूर्ण वाक्य मूल स्वतः वाचते. पहिल्याच महिन्यात त्याच्या हाती एक बातमी पडते. पुढे अक्षरांचा दुसरा गट, दुसरी खूण, नवे शब्द. यासोबत रोज एक गोष्ट शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे पुस्तकात काय असते हे मुलाला ऐकून कळते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी केलेले कार्य, फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचे आणि पालघर जिल्ह्यातील ‘क्वेस्ट’ संस्थेचे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले आहेत. शिकण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

मुलाची बोली

वसतिगृहात येणारे मूल रिकाम्या हातांनी येत नाही. ते आपली भाषा घेऊन येते. विदर्भातून आलेले मूल ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणते. शेताला ‘वावर’ म्हणते. गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला पाणी ‘येर’ म्हणून ठाऊक असते. पहिल्याच दिवशी ‘असे बोलू नये, हे अशुद्ध आहे’ असे ऐकल्यावर ते मूल गप्प होते. आणि गप्प झालेले मूल वाचायला शिकत नाही, कारण वाचन हे बोलण्याच्याच पायावर उभे राहते.

या बाबतीत आपल्याकडे एक थोर आदर्श आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन भिक्खूंची कथा येते. नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदोबद्ध भाषेत बांधावे, अशी त्यांची विनंती होती. तथागतांनी ती अमान्य केली आणि बुद्धवचन आपल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. अट्ठकथेने या अनुज्ञेचा अर्थ वेगळा लावला आहे, हे खरे. तरीही बोली हीन मानून भाषा उंच करण्याची सूचना नाकारली गेली, हे महत्त्वाचे आहे. ज्या संस्थेचा पाया या विचारावर आहे, तिच्या पहिलीच्या वर्गात मुलाच्या बोलीची लाज वाटता कामा नये.

लेखनालाही हेच लागू पडते. मुलाने स्वतःहून ‘पानी’ लिहिले, तर त्याने आपल्या कानाने ऐकलेला ध्वनी अचूक अक्षरात उतरविला, ही त्याची कमाई आहे. ‘ण’ची ओळख पुढे करून देता येईल. वहीभर तांबड्या खुणा केल्या, तर मूल एकच धडा घेते: स्वतःचे काही लिहू नये, फळ्यावरचे उतरवावे, त्यात चूक होत नाही. अशा प्रकारे वळणदार अक्षराचा, पण स्वतःचे एक वाक्यही न लिहू शकणारा विद्यार्थी तयार होतो. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. स्पर्धा परीक्षा, न्यायालय, कचेरी यांचे व्यवहार त्याच भाषेत होतात. परंतु तिच्याकडे नेणारा रस्ता मुलाच्या तोंडच्या भाषेतूनच जातो.

निवासी शाळेचे वेगळेपण

दिवसाच्या शाळेतील शिक्षकांना एक सबब उपलब्ध असते आणि ती पुष्कळदा खरीही असते: घरी कोणी अभ्यास घेत नाही, मूल सुगीच्या वा ऊसतोडीच्या दिवसांत गैरहजर राहते. निवासी शाळेला ही सबब नाही. मूल चोवीस तास आपल्याकडे आहे. त्याचे घर आपणच आहोत. सहा वर्षांच्या लेकराला आईबापांनी पोटाशी दगड बांधून आपल्या हवाली केले, ते या विश्वासावर की जे आपण देऊ शकलो नाही ते शाळा देईल. आजीची गोष्ट, आईचे बोलणे, शेजारपाजारच्या गप्पा, यांतून भाषा वाढते; वसतिगृहात आलेल्या मुलाचे हे सारे सुटते. त्याच्या जागी आपण काय ठेवले, हा प्रश्न प्रत्येक निवासी संस्थेने स्वतःला विचारला पाहिजे.

ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. सायंकाळचा अभ्यासाचा तास पहिली-दुसरीच्या मुलांसाठी उतरवून काढण्यात घालवू नये. त्यातील अर्धा तास कोणीतरी मोठ्याने गोष्ट वाचावी आणि मुलांनी पुस्तके हाताळावीत. अधीक्षक, गृहमाता, आठवी-नववीचे विद्यार्थी, कोणीही वाचू शकेल. भोजनगृहाच्या दाराशी आज जेवणात काय आहे ते रोज फळ्यावर लिहावे. भुकेले मूल ते नक्की वाचील. दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाने घरी एक पत्र लिहावे, पहिलीतल्या मुलाने चित्र काढून खाली एक शब्द लिहावा. भ्रमणध्वनीच्या काळातही हाताने लिहिलेले पत्र घरी जपले जाते. आईला वाचता येत नसेल, तर ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेईल. आणि आपण लिहिलेले कोणीतरी वाचते, हे त्या लेकराला उमगेल.

यावर काही आक्षेप येतात, तेही रास्त आहेत. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार आहे, एकेका वर्गाचा पट मोठा आहे, शिक्षकांची पदे रिक्त आहेत. यांसाठी शासनाकडे आग्रह धरलाच पाहिजे. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ साली सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन-लेखन व गणनाची मूलभूत क्षमता मिळावी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. सरकारनेच ठरविलेल्या उद्दिष्टासाठी सरकारकडे साधने मागणे हा आपला अधिकार आहे. परंतु ती येईपर्यंत आजची पहिली थांबणार नाही.

पालकांकडून दुसरा आक्षेप येतो तो इंग्रजीचा. मराठी वाचनावर एवढा भर दिला, तर मूल मागे पडेल, अशी त्यांना भीती वाटते. इंग्रजीची ओढ आम्हांला समजते. तिच्यामागे अपमानाचा आणि बंद दारांचा अनुभव आहे. पण छापील ओळीतून अर्थ काढण्याचे कौशल्य मूल एकदाच कमावते आणि मग ते दुसऱ्या भाषेत नेते. कळणाऱ्या भाषेत जे वाचू शकत नाही, ते न कळणाऱ्या भाषेत केवळ अक्षरे उच्चारते. इंग्रजी चांगली यावी असे वाटणाऱ्या पालकांनीच पहिली-दुसरीच्या मराठी वाचनाविषयी सर्वांत आग्रही असले पाहिजे.

काय करता येईल

आमच्या सूचना चारच आहेत. पहिली, संस्थेतील सर्वांत अनुभवी आणि मुलांत रमणारा शिक्षक पहिलीच्या वर्गाला द्यावा. हा वर्ग नवख्यांसाठी किंवा कोठेच न बसणाऱ्यांसाठी राखून ठेवू नये. दुसरी, दिवाळीपूर्वी आणि वर्षाअखेर प्रत्येक मुलाचे वाचन एकेकट्याने तपासावे आणि त्याची नोंद पालकांना समजावून सांगावी. तिसरी, ग्रंथालयाचे कुलूप निघावे. पुस्तके फाटतील या भीतीने कपाटात राहिलेली पुस्तके नवी राहतात आणि मुले कोरी राहतात. चौथी, पाचवी-सहावीत नव्याने दाखल होणाऱ्या ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना इयत्तेनुसार न बसविता वाचनाच्या पातळीनुसार रोज एक तास गटात बसवावे. त्यांना पहिलीचे पुस्तक हाती देऊन सर्वांसमक्ष लाजवू नये. त्यांच्या वयाला शोभेल अशा, पण सोप्या मजकुराने आरंभ करावा.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपण कृतज्ञतेपोटी प्रवेशद्वार, रंगमंच, पाण्याची टाकी, घड्याळ देता, त्याचा संस्थेला आदर आहे. यापुढे वर्षाला पन्नास बालपुस्तके द्या, आणि शक्य असेल तर महिन्यातील एक रविवार द्या. चार मुलांना जवळ बसवून एक गोष्ट वाचा, मग त्यांना वाचू द्या. आपल्यातील अनेकांच्या आजोबांनी कागदावर अंगठा उमटविला आणि त्या कागदात काय लिहिले होते ते त्यांना कळले नाही. नातवाला सही करता येते. पण सहीच्या वरचा मजकूर त्याला वाचून समजत नसेल, तर अंगठा आणि सही यांत फारसे अंतर उरत नाही.

पालकांनाही सांगणे आहे. भेटीच्या दिवशी मुलाला ‘कितवा नंबर आला?’ असे विचारण्याआधी एखादे पुस्तक पुढे करा आणि ‘हे मला वाचून दाखव’ म्हणा. आपल्याला स्वतःला वाचता येत नसले तरी हरकत नाही. मूल ओळीवर अडखळते की गोष्ट सांगू लागते, हे कोणत्याही आईबापाला ऐकून कळते. ते अडखळले, तर वर्गशिक्षकांना नम्रपणे विचारा. हा आपला हक्क आहे.

१९२७ सालच्या त्या आकड्यापुढे उभे राहून प्रत्येक निवासी शाळेने येत्या मार्चमध्ये आपल्या तिसरीच्या वर्गाची मोजणी करावी. शंभरांतील किती मुले न पाहिलेला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगू शकतात? ती संख्या पुढील स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीच्या आधी छापावी, आणि ज्या मुलांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी एप्रिलपासून काय करणार, ते तिच्याखाली लिहावे.